शॉटकट या व्हिडिओ एडिटरमध्ये विसर्जनाचा व्हिडिओ रेंडर व्हायला रात्र जाते, नवीन ग्राफिक कार्ड घेऊ का?

लगेच कार्ड घ्यायला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला धावू नका, आधी एक्सपोर्टमध्ये 'हार्डवेअर एन्कोडर वापरा' हा चेकबॉक्स आहे का टिक केलेला ते बघा, कारण तो बंद असेल तर सगळा एन्कोडिंगचा (फ्रेम दाबून व्हिडिओ फाइल बनवण्याचा) भार प्रोसेसरवरच पडतो आणि कार्ड नुसतं बसून राहतं. इंटेलचा प्रोसेसर असेल तर त्यात बहुतेक क्विक सिंक (इंटेलचा हार्डवेअर एन्कोडर) असतंच, फक्त नावाच्या शेवटी एफ असेल तर नाही, कारण त्यात ग्राफिक्सच नसतं. मग ड्रायव्हर आणि शॉटकट दोन्ही अपडेट करा, एकच केलंत तर कधीकधी एन्कोडर चालूच होत नाही, शॉटकटच्या आत एन्कोडिंग करणाऱ्या एफएफएमपेगला ड्रायव्हरची किमान ठराविक आवृत्ती लागते.

तरीही कार्ड घ्यायचंच असेल तर एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, दुकानदार स्वस्तात जीटी १०३० दाखवेल, ते अजिबात घेऊ नका, त्यात एनव्हीएन्क हा एनव्हिडियाचा हार्डवेअर एन्कोडरच नाही! साधं जीटीएक्स १६५० चालेल पण त्यात बहुतेकदा एन्कोडर जुन्या पिढीचा असतो, १६५० सुपरमध्ये नवा आहे, सेकंडहँडमध्ये मिळालं तर तेच घ्या.

आणि हो, टायमलाइनवर स्टॅबिलायझेशन, नॉइज रिडक्शन वगैरे फिल्टर भरपूर लावले असतील तर एन्कोडर कितीही फास्ट असला तरी तो फ्रेमची वाट बघत बसणार, तिथे प्रोसेसरच कामाला येतो. हार्डवेअर एन्कोडर वापरताना बिटरेट (दर सेकंदाच्या व्हिडिओला दिलेला डेटा) थोडा वाढवून ठेवा, नाहीतर गुलाल उधळतानाचे शॉट्स फुटतात, चौकोन चौकोन दिसतात.