सिबिल स्कोअर चांगला, तरी कंपनीला ‘बीबी’ का?

प्रश्न : भोसरी एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग बनवणारी आमची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. माझा सिबिल स्कोअर 790 असून आजवर एकही हप्ता थकलेला नाही. तरीही मानांकन संस्थेने कंपनीला ‘बीबी’ दिल्याने बँकेने व्याजदर वाढवला. पुढील वर्षापासून संस्थेला माहिती देणेच थांबवावे का?

उत्तर : माहिती देणे कृपया थांबवू नका. तुमचा 300 ते 900 या पट्टीवरील स्कोअर तुम्ही व्यक्ती म्हणून कर्जे कशी फेडलीत एवढेच सांगतो. क्रिसिल, इक्रा, केअर यांसारख्या संस्था मात्र कंपनी यापुढे देणी वेळेवर भागवू शकेल का, याबद्दल मत देतात, आणि बँक त्याशिवाय स्वतःचे अंतर्गत मानांकनही करते. ‘ट्रिपल बी मायनस’च्या खालची श्रेणी अधिक जोखमीची मानली जाते व ‘बीबी’ त्याच्या लगेच खाली येते.

तुमच्या व्यवसायात सहसा आडवी येणारी गोष्ट म्हणजे बहुतेक विक्री एक-दोन वाहन कंपन्यांनाच असणे. त्यांची बिले तीन-चार महिने अडकली की कॅश क्रेडिटची, म्हणजे रोजच्या खर्चासाठी बँकेतून उचल घेण्याची, मर्यादा सतत काठोकाठ वापरली जाते, आणि अशा वेळी नफा दिसत असूनही हाताशी रोकड उरत नाही. व्याज, घसारा व करोत्तर नफा मिळून वर्षाला 60 लाख रुपये असतील आणि हप्ते व व्याज 50 लाख, तर कमाईचे देण्यांशी प्रमाण 1.2 येते, एका ग्राहकाची ऑर्डर घटली तरी ते 1 च्या खाली जाऊ शकते, आणि संस्थेला धास्ती वाटते ती त्याचीच.

हप्त्यांची शिस्त अवश्य सांभाळा. बँक 90 दिवसांहून अधिक थकबाकीनंतर खाते अनुत्पादित ठरवते, पण मानांकन संस्थेच्या लेखी मुदत कर्जाचा हप्ता एक दिवस जरी चुकला तरी ती कसूरच असते आणि श्रेणी थेट ‘डी’वर जाते.

माहिती बंद केल्यास मानांकन संपत नाही. उपलब्ध माहितीवरून ते चालूच राहते, त्यापुढे कंपनी सहकार्य करत नसल्याचा शेरा जाहीरपणे लागतो, आणि नवी बँक तो सर्वांत आधी पाहते. त्याऐवजी लेखापरीक्षित ताळेबंद, हाती असलेल्या ऑर्डरी व येणी वसुलीचा तपशील संस्थेच्या विश्लेषकापुढे मांडा, आणि श्रेणी अन्यायकारक वाटल्यास नव्या माहितीच्या आधारे फेरविचाराची मागणी करा. मानांकन मागेच घ्यायचे असेल, तर त्यासाठी कर्ज देणाऱ्या बँकेचे ना-हरकत पत्र लागते.