नसेवरचं आवरण परत येतं ते कसं?

प्रश्न: जानेवारी २०२५ मध्ये आमच्या सिंहगड रस्ता भागात जीबीएसची (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) साथ आली, त्यात माझा धाकटा भाऊ सापडला. आठवड्याभरात पायांतली ताकद गेली, मग हातांतली. आता काठी घेऊन चालतो. डॉक्टर म्हणाले, “नसांवरचं आवरण निघालंय, ते पुन्हा येईल.” हे आवरण येतं कुठून? आणि इतका वेळ का लागतो?
– एक वाचक, पुणे

उत्तर: भाऊ काठीच्या आधाराने का होईना चालू लागला, हे वाचून फार बरं वाटलं.

मी तीस वर्षं वैद्यकीय महाविद्यालयात ऊतिशास्त्र, म्हणजे शरीरातल्या ऊतींची सूक्ष्म रचना, शिकवलं. नसेचा आडवा छेद ऑस्मियमने रंगवला की मायलिन, म्हणजे तुम्ही म्हणता ते आवरण, त्यातल्या मेदामुळे काळंभोर होतं. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की काळ्या बांगड्या ओतून ठेवल्यासारख्या दिसतात. प्रत्येक बांगडीच्या पोकळीत एक मज्जातंतू.

ही बांगडी श्वान पेशी घडवते. जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर श्वान यांचं आडनाव तिला मिळालंय. ती तंतूला कुशीत घेते आणि तिच्या पटलाची एक कड तंतूभोवती फिरू लागते. फेट्याचा नवा वेढा जुन्यावर चढतो, इथे नेमकं उलट. फिरणारी कड आत, तंतूला लागून सरकते आणि आधीचे वेढे बाहेर जातात. वेढ्यांमधला पेशीरस पिळून निघतो, प्रथिनं पदराला पदर घट्ट चिकटवतात. किती वेढे घ्यायचे, हे ठरतं तंतूच्या अंगावरच्या न्युरेग्युलिन या प्रथिनावरून. जाड तंतू, जास्त वेढे. हे आवरण म्हणजे पेशीच्या पटलाचीच गुंडाळी, हे १९५४ मध्ये बेटी गेरेन यांनी कोंबडीच्या गर्भातल्या नसा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहून दाखवलं. वर्गात ते चित्र लावताना दरवर्षी माझ्या अंगावर काटा यायचा.

एक श्वान पेशी तंतूचा फार तर मिलिमीटरभर तुकडा सांभाळते. म्हणजे कमरेपासून पावलापर्यंत एकेका तंतूला अशा शेकडो पेशी लागतात. दोन पेशींमध्ये बारीक फट असते आणि संदेश या फटीवरून त्या फटीवर उड्या मारत जातो, जाड तंतूत सेकंदाला शंभर मीटरपर्यंत. आवरण सोललं गेलं की तो रेंगाळतो किंवा वाटेतच विझतो. तुमच्या भावाचे पाय म्हणून उचलेनात.

जीबीएसमध्ये शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच नसांवर उलटते. हल्ला थांबल्यावर आधी मायलिनचा चुरा साफ व्हावा लागतो, मग श्वान पेशी वाढतात आणि पुन्हा वेढे घालू लागतात. यात आठवडे जातात, महिनेही. नवे तुकडे आधीपेक्षा आखूड आणि आवरण पातळ, पण संदेश जाऊ लागतो.

आतला तंतूच तुटला असेल, तर मात्र हिशेब वेगळा. तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. कमरेपासून पावलापर्यंतचं अंतर तुम्हीच मोजून बघा.

भावाच्या नर्व्ह कंडक्शनच्या, म्हणजे नसांतून संदेश कसा जातो ते पाहणाऱ्या तपासणीच्या, रिपोर्टवर ‘डीमायलिनेटिंग’ लिहिलंय की ‘ॲक्झोनल’, ते बघा. पहिलं म्हणजे मुख्यतः आवरणाला इजा, दुसरं म्हणजे तंतूला. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांना नीट विचारा, आणि काहीही लिहिलेलं असो, ते सांगतील तोवर फिजिओथेरपी मध्येच सोडू देऊ नका.