वाचकांच्या शंका : सौरवादळ आणि वरची हवा

प्रश्न : मे 2024 मधील सौरवादळाच्या वेळी लडाखमध्ये हानले येथे आकाश लालसर झाल्याची छायाचित्रे आम्ही पाहिली. अशा वादळाने पृथ्वीची हवा उडून जाते का? माझा भाचा पनवेल-उरण पट्ट्यात जमीनमोजणीची कामे करतो. 11 मेच्या सकाळी त्याच्या रोव्हरला (उपग्रहांच्या संदेशांवरून जागा मोजणाऱ्या यंत्राला) कितीतरी वेळ ‘फिक्स’, म्हणजे नेमके स्थान, मिळेना. त्याचा या वादळाशी संबंध असेल का? (एक वाचक भगिनी, ऐरोली)

उत्तर : हवा उडून जात नाही, ती तापते आणि फुगते. आपण श्वासात घेतो त्या हवेला या वादळाचा धक्का जाणवतही नाही. जे काही घडते ते साधारण 90 किलोमीटरच्या वर, थर्मोस्फिअर या अतिविरळ थरात घडते. त्याच उंचीवरील विद्युतभारित भागाला आपण आयनांबर म्हणतो.

सूर्यावरून उसळलेला प्रभारित वायूचा लोट साधारणपणे एक ते तीन दिवसांत पृथ्वीपर्यंत येतो आणि येताना स्वतःचे चुंबकीय क्षेत्रही घेऊन येतो. त्या क्षेत्राचा रोख दक्षिणेकडे असेल, तर ते पृथ्वीच्या उत्तराभिमुख क्षेत्राशी जोडले जाते आणि ध्रुवांभोवतीच्या पट्ट्यांत, 100 ते 150 किलोमीटर उंचीवर, लाखो अँपिअरचे विद्युतप्रवाह वाहू लागतात. विजेच्या शेगडीची तार जशी तापते, तशी तेथील हवा या प्रवाहांनी तापते. पुढे काय होते ते चुलीवरच्या दुधावरून समजेल. आच तळाशी लागते, पण दूध वर चढते आणि जो काठ मघापर्यंत कोरडा होता तेथे साय येऊन टेकते. थर्मोस्फिअरच्या तळाशी मुरलेली उष्णता अशीच वरच्या हवेला उचलते, आणि 400 किलोमीटर उंचीवर, जेथे आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक फिरते, तेथील हवेची घनता मोठ्या वादळात दुप्पट-तिप्पट किंवा त्याहूनही अधिक होते. ध्रुवांकडे सुरू झालेली ही फुगवट काही तासांतच विषुववृत्तापर्यंत पोहोचते.

उपग्रहाला मात्र ही हवा बाधते. 3 फेब्रुवारी 2022 रोजी सोडलेल्या 49 स्टारलिंक उपग्रहांपैकी 38 गमवावे लागले, आणि ते वादळ तर किरकोळ गणले गेले होते. पृथ्वीपासून जेमतेम 210 किलोमीटरवर आलेल्या त्या उपग्रहांना होणारा हवेचा विरोध आधीच्या उड्डाणांच्या तुलनेत सुमारे 50 टक्क्यांनी वाढला आणि ते वर चढूच शकले नाहीत. ज्या वाचकांनी 1979 चा जुलै पाहिला आहे, त्यांना ‘स्कायलॅब (अमेरिकेचे अवकाश स्थानक) पडणार’ ही धास्ती आठवत असेल. सूर्य अपेक्षेपेक्षा अधिक सक्रिय झाल्यामुळे वरची हवा दाटली, आणि त्यामुळेच ते स्थानक ठरल्यापेक्षा लवकर खाली आले.

एकदा फुगलेली हवा तशीच राहत नाही. वादळात तयार होणारा नायट्रिक ऑक्साइड ही उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने अवकाशात टाकत राहतो, आणि वादळ ओसरल्यावर कधीकधी ती हवा पूर्वीपेक्षाही थंड व विरळ होते. मला या साऱ्या प्रकरणात हा भाग सर्वांत विलक्षण वाटतो. हानलेच्या लाल रंगाचे कारणही विरळपणाच आहे. चेतवलेला ऑक्सिजनचा अणू तो लाल प्रकाश सोडायला जवळजवळ दोन मिनिटे घेतो. खालच्या दाट हवेत तेवढ्या वेळात शेजारच्या कणांशी टक्कर होऊन त्याची ऊर्जा निघून जाते. 200 किलोमीटरच्या वर मात्र त्याला सवड मिळते.

आता रोव्हरविषयी. उपग्रहाचा संदेश आयनांबरातून येताना रेंगाळतो आणि किती रेंगाळेल ते तेथील इलेक्ट्रॉनांच्या संख्येवर अवलंबून असते. वादळात ही संख्या वेगाने आणि ठिकठिकाणी वेगवेगळी बदलते. आपला भाग चुंबकीय विषुववृत्तापासून फार दूर नाही. ते तिरुनेलवेलीच्या परिसरातून जाते. त्यामुळे येथील आयनांबर एरवीही सूर्यास्तानंतर अस्वस्थ असते. तेव्हा तुमच्या भाच्याची शंका रास्त आहे. परंतु उंच इमारत, झाडी किंवा मोबाइलचे कमकुवत नेटवर्क यांमुळेही ‘फ्लोट’चा (अंदाजे स्थानाचा) ‘फिक्स’ होत नाही. त्याच सकाळी दूरदूरच्या इतर मोजणीदारांनाही तीच अडचण आली असेल, तर दोष वादळाचा मानावा. अशा दिवशी घाई न करता ते बिंदू दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजावेत, कारण हद्दीचा दगड चुकला की शेजाऱ्यांचे वर्षानुवर्षांचे भांडण सुरू होते.

हा विषय तुमच्या घरापासून फार दूर नाही, हेही सांगावेसे वाटते. भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे मुख्यालय नवीन पनवेलमध्येच आहे. तिचा वारसा कुलाब्याच्या वेधशाळेकडे जातो. सप्टेंबर 1859 मधील महावादळात तेथील निरीक्षक चुंबकाची हालचाल डोळ्यांनी पाहून आकडे लिहून घेत होते. एरवी तासातासाने आणि क्षेत्र डळमळू लागले की काही मिनिटांच्या अंतराने. त्या नोंदींत क्षैतिज बल, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा भाग, सुमारे 1600 नॅनोटेस्लाने, म्हणजे जवळजवळ चार टक्क्यांनी, उतरलेले दिसते. त्या वादळाचा अंदाज बांधताना जगभरचे अभ्यासक आजही हेच आकडे उघडतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर चुंबकीय वेध बिघडू नयेत म्हणून ते काम अलिबागला हलवले गेले आणि तेथे ते 1904 पासून चालू आहे.

प्रश्न : मंगळाला चुंबकीय क्षेत्र नाही म्हणून सूर्याने त्याची हवा नेली, असे वर्गात सांगितले. मग शुक्राची हवा का गेली नाही? (इयत्ता नववीचा विद्यार्थी, ठाणे)

उत्तर : तुझी शंका अचूक ठिकाणी बोट ठेवते. शुक्रालाही स्वतःचे असे क्षेत्र नाही, तरी त्याच्या पृष्ठभागावर हवेचा दाब पृथ्वीच्या सुमारे 90 पट आहे. शुक्राचे गुरुत्वाकर्षण जवळजवळ पृथ्वीइतके आहे, तर मंगळाचे पृथ्वीच्या दोन पंचमांशांहूनही कमी आहे. त्यामुळे केवळ चुंबकीय कवचावर सारे ठरत नाही. मंगळाभोवती 2014 मध्ये पोहोचलेल्या नासाच्या मेव्हन यानाने मोजले, तेव्हा मंगळाची हवा सेकंदाला सुमारे 100 ग्रॅम या वेगाने निसटत असल्याचे दिसले, म्हणजे दिवसाला साडेआठ टनांहून थोडी अधिक. आणि मार्च 2015 मध्ये सौरवादळ तेथे पोहोचले, तेव्हा ही गळती चांगलीच वाढली. तरुण सूर्य आजच्यापेक्षा कितीतरी खवळलेला होता, म्हणून पूर्वीची गळती मोठी असणार. ती किती, हे शोधण्यासाठी अभ्यासकांनी अरगॉन निवडला, कारण हा वायू कशाशीही संयोग पावत नाही आणि खडकांत मुरत नाही; त्याला बाहेर पडायला अवकाशाचीच वाट आहे. हलके अणू जड अणूंपेक्षा सहज निसटतात, म्हणून त्यांचे प्रमाण ताडून पाहिल्यावर निघाले, की मंगळाच्या हवेत एकेकाळी असलेल्या अरगॉनपैकी जवळजवळ दोन तृतीयांश त्या वाटेने निघून गेला आहे.