इंग्लंडमध्ये मुलींच्या ग्रामर स्कूलमध्ये प्रवेश कसा मिळतो? आणि आत गेल्यावर मुली रमतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लंडनला बदली होतेय, मुलगी पुण्यात चौथीत आहे, वर्गात कायम पहिल्या तिनात असते, आणि ऑफिसमधल्या कोणीतरी सांगितलंय की 'मुलींची ग्रामर स्कूल बघा, फी नाही आणि शिक्षण खाजगीच्या तोडीचं'. माझी मुलगी अशाच एका शाळेत इयर टेनमध्ये आहे, म्हणजे साधारण आपल्या नववीच्या वयाची. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे लिहितेय ते सगळंच कौतुकाचं नाही.

सगळ्यात आधी जन्मतारीख बघा. इथे मूल कुठल्या इयरमध्ये बसणार हे 1 सप्टेंबर ते 31 ऑगस्ट या हिशेबानं ठरतं आणि सहसा त्यात घासाघीस चालत नाही. आपल्याकडे चौथीत असलेली मुलगी इथे इयर फोरमध्येही जाऊ शकते, इयर फाइव्हमध्येही. वर्षाचाच फरक, पण तुमच्यासाठी तोच सगळ्यात मोठा. कारण माध्यमिक शाळा इयर सेव्हनला, अकराव्या वर्षी सुरू होते, आणि ग्रामरची प्रवेश परीक्षा, म्हणजे इलेव्हन प्लस, त्याच्या वर्षभर आधी, इयर सिक्स सुरू होताच सप्टेंबरमध्ये होते, आणि नावनोंदणी त्याच्या आधीच बंद होते, बऱ्याच ठिकाणी जून-जुलैतच. मुलगी इयर फाइव्हमध्ये जाणार असेल, तर तुम्ही सामान उतरवून, भाड्याचं घर शोधून, काउन्सिल टॅक्सचं, म्हणजे इथल्या घरपट्टीचं, बिल नावावर करून घेईपर्यंत मुदत डोक्यावर आलेली असेल. इयर फोर असेल तर श्वास घ्यायला वर्ष मिळतं.

आता ग्रामर म्हणजे काय ते. या सरकारी शाळा आहेत, फी नाही, परीक्षेलाही पैसे नाहीत. पूर्ण इंग्लंडमध्ये 163 आहेत आणि 1998च्या कायद्यानं नवीन काढायला बंदी आहे. सरकारी माध्यमिक शाळांतली साधारण 5 टक्के मुलं यांत शिकतात. त्याही सगळीकडे नाहीत: केंट आणि बकिंगहॅमशरमध्ये भरपूर, लंडनच्या कडेकडेनं काही, आणि कितीतरी गावांत एकही नाही. तेव्हा ऑफिसच्या जवळ म्हणून घर घेतलंत आणि मग शाळा शोधायला लागलात, तर आसपास ग्रामर नसेलच असंही होऊ शकतं.

यांत दोन जाती आहेत, आणि हा फरक ऑफिसमधले लोक सांगत नाहीत. बकिंगहॅमशरमध्ये 121 गुण मिळाले की मुलगी पात्र. तिथे 121 आणि 138 यांत काही फरक नाही. पुढे घर कुठे आहे, कॅचमेंटमध्ये (शाळेनं ठरवलेल्या परिसरात) आहे का, अंतर किती, हे बघतात. विकम हाय किंवा बीकन्सफील्ड हायसारख्या मुलींच्या शाळा या पद्धतीतल्या. उलट उत्तर लंडनमधली हेन्रिएटा बार्नेट, किंग्स्टनची टिफिन गर्ल्स, सटनमधल्या नॉनसच आणि वॉलिंग्टन इथे गुणानुक्रम लागतो. पहिल्या फेरीत चाळणी, त्यातून वरच्या मुलींना दुसरी फेरी, आणि मग यादी. इथे पास होणं नुसतं तिकीट काढण्यासारखं आहे, बसायला जागा मिळेल असं नाही. या शाळांतही काही जागा जवळ राहणाऱ्या किंवा कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलींना आधी देण्याची पद्धत आहे आणि नियम बदलत राहतात. म्हणून व्हॉट्सअॅपवर फिरणारी गेल्या वर्षीची माहिती बाजूला ठेवा आणि शाळेच्या साइटवरची त्या वर्षीची अॅडमिशन पॉलिसी शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. परदेशातून येणाऱ्यांसाठी पत्त्याचा पुरावा कधीपर्यंत लागतो तेही त्यातच असतं.

परीक्षा कशी असते? तुम्ही स्कॉलरशिपला बसला असाल तर बुद्धिमत्ता चाचणी आठवा: आकृत्यांची मालिका पूर्ण करा, सांकेतिक भाषा ओळखा, विसंगत शब्द शोधा. ते इथे व्हर्बल आणि नॉन-व्हर्बल रीझनिंग या नावानं येतं. शिवाय गणित आणि इंग्रजी. कुठल्या भागात यातलं काय येतं ते वेगळं. एसेक्समध्ये साउथएंड हाय, वेस्टक्लिफ हाय या मुलींच्या शाळांसाठी फक्त इंग्रजी आणि गणित. गुण वयानुसार समायोजित होतात, त्यामुळे ऑगस्टमध्ये जन्मलेल्या मुलीला सप्टेंबरवालीपुढे लहान असण्याचा तोटा होऊ नये अशी सोय असते.

आपल्याकडून येणाऱ्या मुलींचं गणित सहसा अडत नाही. पाढे, अपूर्णांक, शेकडेवारी यांत त्या पुढेच असतात. अडतं ते इंग्रजीत, आणि इंग्रजी माध्यमातल्या मुलींचंही अडतं. उतारा शंभर वर्षांपूर्वीच्या कादंबरीतला असू शकतो आणि प्रश्न 'तो खिडकीपाशी का गेला' असा नसतो, तर 'त्याला तिचं बोलणं पटलं नव्हतं हे कुठल्या शब्दावरून कळतं' असा असतो. उत्तर उताऱ्यात सरळ लिहिलेलं नसतं. उताऱ्यातलं वाक्य जसंच्या तसं उचलून उत्तर लिहिण्याची सवय लागलेल्या मुलीला हे अन्यायकारक वाटतं. यावर क्लास हा उपाय नाही. रोज वाचणं आणि वाचलेल्यावर घरी गप्पा मारणं हाच आहे. पुण्यातूनच सुरू करा, आजपासून. सराव प्रश्नपत्रिका इयर फाइव्हच्या मध्यावर आणल्या तरी पुरे, त्याही घड्याळ लावून, कारण वेळ फार कमी असतो.

ट्यूटरबद्दल विचाराल म्हणून सांगते: धंदा जोरात आहे, चांगल्यांकडे प्रतीक्षायादी असते, आणि बहुतेक जण तेच पेपर सोडवून घेतात जे तुम्ही टेबलाशी बसून घेऊ शकता. तुम्हाला दोघांनाही वेळ नसेल तर लावा. 'सगळे लावतात' म्हणून नको.

परीक्षेचा निकाल बहुतेक ठिकाणी ऑक्टोबरमध्ये येतो आणि 31 ऑक्टोबरपर्यंत आपल्या काउन्सिलकडे (आपल्या महापालिकेसारखी स्थानिक संस्था) शाळांची पसंती भरायची असते. लंडनमध्ये सहा शाळा लिहिता येतात. आपला क्रम शाळेला कळत नाही, त्यामुळे 'पहिली पसंती दिली तरच घेतात' ही अफवा आहे. ज्या ज्या यादीत मुलगी बसते त्यांतली तुमच्या क्रमात सगळ्यात वरची शाळा काउन्सिल देते. मनातला खरा क्रम लिहा, आणि सहात निदान एक अशी शाळा ठेवा जिथे अंतरावर नक्की नंबर लागेल. 1 मार्चला कळतं. त्यानंतरही यादी हलत राहते, कारण काही मुली खाजगी शाळेत जातात, काही गाव बदलतात.

खाजगीचा विषय निघालाच आहे तर एवढंच: सेंट पॉल्स गर्ल्स, नॉर्थ लंडन कलेजिएट ही नावं तुम्ही ऐकाल. शाळा उत्तम, पण अशा शाळांची फी वर्षाला वीस हजार पौंडांच्या बरीच वर जाते आणि जानेवारी 2025पासून त्यावर 20 टक्के व्हॅट लागतो. शिष्यवृत्तीची आशा असेल तर बर्सरी हा शब्द शोधा, ती उत्पन्न बघून मिळते.

आता तुमचा दुसरा प्रश्न, जो मला जास्त महत्त्वाचा वाटतो: रमेल का?

तुम्ही लिहिलंय, ती वर्गात पहिल्या तिनात असते. या शाळेत वर्गातल्या सगळ्याच मुली आपापल्या प्राथमिक शाळेत पहिल्या तिनात होत्या. पहिल्या सत्रातल्या गणिताच्या चाचणीनंतर माझी मुलगी घरी येऊन सांगत होती की तिथे 'किती पडले?' असं कोणी विचारत नाही. विचारतात, 'तुझा कुठे गेला?' एखादाच गुण गेला असणार हे धरूनच. तिचे सात गेले होते आणि तिला या प्रश्नाचं उत्तरच देता येईना.

हे शाळेलाही माहीत असतं. तिच्या इंग्रजीच्या बाई निबंध परत देताना आधी फक्त शेरे देतात, गुण पुढच्या तासाला. हेतू हा की मुलींनी शेरे वाचावेत. मुली काय करतात? हिरव्या शाईच्या ओळी मोजून गुण किती असतील त्याचा अंदाज बांधतात. बाई तरीही आपला नेम सोडत नाहीत, आणि मला त्या आवडतात.

चढाओढ उघड नसते. 'मी काहीच वाचलं नाही गं' हे वाक्य इथे इंग्रजीत म्हणतात, एवढाच फरक. खरा त्रास दुसराच: सगळं अगदी बिनचूक हवं हा हट्ट. आकृतीचं शीर्षक जरा वाकडं आलं म्हणून रात्री अकरा वाजता अख्खं पान पुन्हा काढणारी मुलगी मी घरात पाहिलेली आहे. शाळेचा नियम आहे की गृहपाठाला अर्धा तास दिला असेल तर अर्ध्या तासानं थांबायचं आणि पालकांनी खाली सही करायची, अपुरं का असेना. नियम छान आहे, पण सही न मागणाऱ्या मुलींचं काय करायचं हे त्यात नाही. शाळेत समुपदेशक आहेत; त्यांच्याकडे वेळ मिळायला लागणारी रांग मात्र मला मान्य नाही, आणि मी ते पालकसभेत बोलले आहे.

चांगली बाजू तितकीच खरी आहे. शाळेत मुलगे नाहीत, म्हणून 'हे मुलगे करतील' असं कुठलंच काम नाही. हाउस ड्रामाला, म्हणजे शाळेतल्या गटांच्या नाटकांना, दिवे लावणं, पडद्याची चौकट ठोकणं, साउंडच्या वायरी ओढणं, सगळं मुलीच करतात, आणि इयर सेव्हनच्या चिमुरड्या सिक्स्थ फॉर्मच्या, म्हणजे शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांतल्या, ताईकडून शिकतात. भौतिकशास्त्राचा वर्ग भरलेला असतो. इन्स्टिट्यूट ऑफ फिजिक्सनं 2012 साली दाखवलं होतं की इंग्लंडच्या सरकारी शाळांत, मुलींच्या शाळेतून आलेली मुलगी ए लेव्हलला (आपल्या अकरावी-बारावीच्या पातळीला) भौतिकशास्त्र घेण्याची शक्यता मिश्र शाळेतल्या मुलीच्या जवळपास अडीच पट होती. त्यात परीक्षा घेऊन मुली निवडणाऱ्या शाळांचाही हात असेल, तरी जे रोज बघते त्याच्याशी ते जुळतं. माझ्या मुलीनं हात वर करून चुकीचं उत्तर द्यायला इथेच सुरुवात केली. पुण्यात ती खात्री असल्याशिवाय तोंड उघडत नसे.

आणि प्रवास. याला कोणी विषयच मानत नाही, पण ओपन डेला चकचकीत प्रयोगशाळा बघून हरखलेले पालक तो विसरतात. अकरा वर्षांची मुलगी, पाठीवर दप्तर, एका हातात हॉकी स्टिक, फूड टेकच्या (स्वयंपाकाच्या तासाच्या) दिवशी दुसऱ्या हातात मैदा-लोण्याचा डबा, आणि दोन बस. हिवाळ्यात निघताना अंधार, येताना अंधार. एका बाजूला तासाच्या वर जात असेल तर शाळा कितीही नावाजलेली असो, मी नको म्हणेन. मैत्रिणी उरलेल्या तीन दिशांना राहतात, शाळेनंतरचे क्लब सुटतात, आणि मग त्या शाळेत जाऊन जे मिळायचं त्यातलं निम्मं हातात येत नाही.

तिला जागा नाही मिळाली तर? जवळच्या कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये, म्हणजे प्रवेश परीक्षा नसलेल्या सरकारी शाळेत, जाईल, त्यांतल्या कित्येक उत्तम आहेत, काही फक्त मुलींच्याही आहेत. सोळाव्या वर्षी, जीसीएसईच्या (आपल्या दहावीसारख्या परीक्षेच्या) गुणांवर, ग्रामरच्या सिक्स्थ फॉर्ममध्ये पुन्हा दार उघडतं. माझ्या ओळखीच्या एका मुलीनं तसंच केलं आणि ती आल्या आल्या वर्गातली सगळ्यात निवांत मुलगी होती.

आल्यावर ओपन इव्हिनिंगला नक्की जा. मुख्याध्यापिकांचं भाषण सगळीकडे सारखंच असतं. शाळा दाखवायला इयर एट-नाइनच्या मुली असतात, त्यांना गाठा. 'शाळा आवडते का?' असं विचारू नका, हो म्हणायला त्यांना शिकवलेलं असतं. जेवणाच्या सुट्टीत कुठे बसता, शेवटची चाचणी बिघडली तेव्हा कोणाशी बोललीस, घरून किती वाजता निघतेस, हे विचारा. आणि तुमची मुलगी सोबत असेल तर तुम्ही दोन पावलं मागे राहा, तिलाच विचारू द्या.