सातबारा नावावर आहे, म्हणजे वावर त्याचंच झालं का?

भाऊ, तुमचा प्रश्न असा आहे: हिंगणघाट तालुक्यात वडिलांच्या ओळखीतल्या माणसाकडून तीन एकर वावर घेताय, सातबारा त्याच्या नावावर आहे. तो म्हणतो, नोटरी करून सौदाचिठ्ठी, म्हणजे विक्रीचा करार, करू, पैसे द्या, रजिस्ट्री कापूस निघाल्यावर. सातबारा आहे तर भीती कशाची?

मी शेजारच्या समुद्रपूर तालुक्यातला. हेच वाक्य 1996 मध्ये आमच्या घरात बोललं गेलं होतं, म्हणून सविस्तर लिहितो.

बाबांनी आमच्या धुऱ्याला (बांधाला) लागून असलेलं दोन एकर वावर घेतलं. शंभराच्या स्टॅम्पवर सौदाचिठ्ठी झाली, दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या. पैसे पूर्ण दिले, ताबाही मिळाला. रजिस्ट्री दिवाळीनंतर ठरली होती, आणि दिवाळीच्या आधीच विकणारे काका वारले. त्यांची दोन मुलं आणि तीन मुली यांची नावं वारस म्हणून चढली. थोरला म्हणाला, बाबांचा शब्द तो माझा शब्द. धाकटा गप्प राहिला. लेकींना तर कोणी विचारलंच नव्हतं. पेरणी आमची, पण सातबारा त्यांचा, त्यामुळे त्या वावरावर पीककर्ज नाही, विहिरीसाठी अर्ज नाही. बाबा शरमेपोटी वकिलाकडे गेले नाहीत. करार पुरा करून मागायचा दावा तीन वर्षांत लावावा लागतो, हे कळलं तेव्हा पाच वर्षं झाली होती. शेवटी 2003 मध्ये पाचही वारसांना पुन्हा पैसे देऊन विक्रीपत्र करून घेतलं. एकाच वावराचे दोनदा पैसे दिले आम्ही.

म्हणून आधी हे लक्षात घ्या. सातबारा हा महसुलाचा कागद आहे. सारा कोणाकडून घ्यायचा, पीक कोणतं, बोजा कोणता, हे सरकारला कळावं म्हणून तो ठेवतात. त्यावरची नोंद खोटी ठरेपर्यंत खरी धरतात, एवढं वजन महसूल अधिनियमाच्या कलम 157 ने तिला दिलं आहे. पण नोंदीने मालकी जन्माला येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितलं आहे. मालकी येते विक्रीपत्राने, बक्षीसपत्राने, वारसाने, वाटणीने किंवा कोर्टाच्या हुकमाने. फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावाचा बदल, त्यानंतर होतो.

आणि सौदाचिठ्ठी? 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 54 सांगतं की विक्रीच्या कराराने त्या जमिनीत कसलाही हक्क निर्माण होत नाही. शंभर रुपयांवरच्या स्थावराची विक्री दुय्यम निबंधकासमोर नोंदवलेल्या कागदानेच होते. नोटरीचा शिक्का सही कोणाची एवढंच सांगतो. मुखत्यारपत्र, करार आणि ताबा हे तिन्ही हातात असले तरी मालकी मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केलं. सौदा पक्का करायचा असेल तर इसारपत्रही (बयाना देऊन केलेला करार) नोंदवूनच करा आणि बयाना थोडाच ठेवा. बाकी रक्कम विक्रीपत्राच्या दिवशी, बँकेतून.

आता कागद कसे वाचायचे. सातबाऱ्याच्या खाली जुन्या फेरफारांचे क्रमांक असतात. तिथूनच मागे जायचं. प्रत्येक फेरफाराची नक्कल काढा, ऑनलाइन नसेल तर तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून. प्रत्येक वेळी एकच विचारा: हे नाव कशाने आलं? खरेदीने आलं असेल तर ते विक्रीपत्र आणि त्याचा इंडेक्स टू (निबंधक कार्यालयातला त्या दस्ताचा गोषवारा) मागा. वारसाने आलं असेल तर मेलेल्या माणसाची सगळी लेकरं मोजा. आपल्याकडच्या जुन्या वारस फेरफारांत मुलींची नावं सर्रास गाळलेली सापडतात. अनेकजण समजतात की मुलींचा वाटा हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने आला. वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मजात हक्क तेव्हा मिळाला हे खरं, आणि 2005 ला बाप हयात असणं गरजेचं नाही हे 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयात ठरलं. पण मृत्युपत्र न करता गेलेल्या बापाच्या मिळकतीत मुलगी 1956 च्या वारसा कायद्यानेच पहिल्या वर्गाची वारस आहे. "बहिणींनी सोडून दिलं" हे तोंडी चालत नाही, हक्कसोडपत्र नोंदलेलं पाहिजे. ते नसेल तर बहिणींना विक्रीपत्रात सही करायला बोलवा. त्यांचा वाटा आहे, त्यांना विचारायलाच हवं.

आपल्या भागात अजून एक गोष्ट पाहावी लागते. विदर्भ 1956 पर्यंत मध्य प्रदेशात होता, म्हणून जुन्या अधिकार अभिलेखात भूमिस्वामी, भूमिधारी असे शब्द दिसतील. बंधन नसलेला भूमिस्वामी तो आताचा भोगवटादार वर्ग 1 (विकायला मोकळा), भूमिधारी तो वर्ग 2 (विकायला सरकारची परवानगी लागते). तुमच्या सातबाऱ्यावर वर्ग 2 लिहिलं असेल तर परवानगीचा हुकूम पाहिल्याशिवाय एक रुपया देऊ नका. इतर हक्काचा रकाना शब्द न शब्द वाचा: सोसायटीच्या कर्जाचा बोजा, भूदान (विनोबांच्या चळवळीत दान मिळालेली जमीन), कुळ कायद्याच्या अटी, विहिरीतला वाटा, कोर्टाचा मनाईहुकूम. आपला वर्धा जिल्हा भूदानाचा, तेव्हा तो शब्द सापडला तर थांबा, कारण ती जमीन विकायला बंदी असते. झुडपी जंगल (वनजमीन धरली जाणारी झुडपी जमीन) अशी नोंद असेल तर विषयच सोडा. विकणारा आदिवासी असेल आणि तुम्ही नसाल, तर महसूल अधिनियमाच्या कलम 36-अ खाली जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, तीही शासनाच्या मान्यतेने. तुम्ही स्वतः शेतकरी असल्याचा पुरावाही ठेवा, विदर्भाच्या 1958 च्या कुळ कायद्यात कलम 89 त्यासाठीच आहे.

घराचा प्लॉट घेणाऱ्यांसाठी जाता जाता: ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा घरपट्टीचा कागद. खातेदाराच्या 8-अ शी (त्याच्या एकूण जमिनीचा उतारा) त्याचा संबंध नाही, आणि मालकीचा तर दोन्हीही पुरावा नाहीत.

तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट (त्या वावराच्या जुन्या व्यवहारांची तपासणी) वकिलाकडून काढा, त्याचे पैसे वाचवू नका. बँकेत ठेवलेल्या जुन्या मूळ कागदांवरचं कर्ज सातबाऱ्यावर दिसेलच असं नाही, म्हणून मूळ विक्रीपत्र डोळ्यांनी पाहा, झेरॉक्स नको.

आणि सौद्याआधी भूमी अभिलेखकडून मोजणी लावा. सातबाऱ्यावर 1.21 हेक्टर असेल, पण नांगर फिरतो ती जागा तेवढी असतेच असं नाही, कारण धुरे वर्षानुवर्षं सरकतात. मोजणीच्या दिवशी चारही बाजूंचे शेजारी बोलवा आणि पांदणीतून बैलगाडी वावरापर्यंत जाते का ते तिथेच विचारा. विक्रीपत्रात चतुःसीमा आणि वाट दोन्ही लिहून घ्या. विक्रीपत्र झाल्यावर फेरफाराची नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात. नोंद मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केली की नाही हे स्वतः जाऊन पाहा. आमचा फेरफार प्रमाणित झाला त्या दिवशी बाबा तलाठ्याच्या कार्यालयात ओळन् ओळ दोनदा वाचत बसले होते.