अपडेटनंतर पॉडकास्ट मधेच बंद पडतो? फोन रिसेट करण्याआधी हे करून पाहा

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: अँड्रॉइडचं नवं अपडेट घेतल्यापासून स्क्रीन बंद झाली की पॉडकास्ट काही मिनिटांत गप्प होतो. मेमरी कार्डवर उतरवून ठेवलेले जुने एपिसोड ॲपमध्ये दिसत नाहीत. इअरबड्सचं बटण दाबलं की पॉडकास्टऐवजी गाणी लागतात. मोबाइलच्या दुकानात फॅक्टरी रिसेट करायला सांगितलंय, तर ते करावं का?

नका करू. या तीन तक्रारींची कारणं तीन वेगळी आहेत आणि रिसेटने त्यातलं एकही जात नाही. पहिलं कारण तर रिसेटनंतर हमखास परत येतं, कारण बॅटरीची सगळी सेटिंग्ज कंपनीने ठरवलेल्या मूळ जागेवर जातात आणि त्रास नेमका तिथूनच सुरू होतो. ॲप काढून पुन्हा टाकण्याचीही घाई नको. ॲप काढलं की त्याच्या फोल्डरमधले डाउनलोड, कुठला एपिसोड कुठपर्यंत ऐकला याच्या खुणा आणि बऱ्याचदा तुमची यादीही जाते.

म्हणून सगळ्यात आधी यादी बाहेर काढा. पॉडकास्ट ॲपमध्ये राहत नाही. प्रत्येक कार्यक्रमाची आरएसएस नावाची एक साधी मजकूर फाइल इंटरनेटवर असते, तिला फीड म्हणतात. तिच्यात प्रत्येक एपिसोडचं नाव, तारीख आणि ऑडिओ फाइलचा पत्ता लिहिलेला असतो. ॲप ती फीड अधूनमधून वाचतं आणि नवीन दिसलं की तुमच्यापर्यंत आणतं. पेपरवाला बदलला तरी पेपर तोच येतो, तसंच हे आहे. तुम्ही कुठल्या फीड ऐकता त्यांची यादी ओपीएमएल नावाच्या छोट्या फाइलमध्ये काढता येते. अँटेनापॉड, पॉकेट कास्ट्स अशा ॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘इम्पोर्ट/एक्स्पोर्ट’ किंवा नुसतं ‘एक्स्पोर्ट’ असा पर्याय असतो. ती फाइल स्वतःलाच ईमेल करून ठेवा. 2024 मध्ये गूगलने आपलं पॉडकास्ट ॲप बंद केलं, तेव्हाही यादी दुसरीकडे नेण्याचा हा एक मार्ग होता आणि ज्यांनी मुदतीत फाइल काढून घेतली त्यांची यादी गेली नाही. अँटेनापॉडमध्ये याशिवाय पूर्ण डेटाबेस एक्स्पोर्ट करता येतो. त्यात ऐकल्याच्या खुणाही येतात, म्हणून जमलं तर तोही काढा.

आता पहिली तक्रार. तीच सगळ्यात जास्त लोकांना छळते आणि चुकीचे उपायही तीच सगळ्यात जास्त ओढवून घेते.

अँड्रॉइडमध्ये 2015 सालच्या सहाव्या आवृत्तीपासून ‘डोझ’ नावाची व्यवस्था आहे. फोन चार्जिंगला नसेल, स्क्रीन बंद असेल आणि काही वेळ हलला नसेल, तर फोन ॲपचं इंटरनेट आणि मागे चाललेली कामं रोखून धरतो. पुढच्याच वर्षी सातव्या आवृत्तीत तिचा एक सौम्य प्रकार आला, तो फोन खिशात हलत असतानाही लागू होतो. 2018 च्या नवव्या आवृत्तीपासून तुम्ही कुठलं ॲप किती वापरता हे पाहून फोन त्यांची वर्गवारी करतो आणि कमी वापरातल्या ॲपवर जास्त बंधनं घालतो. चालू असलेल्या ऑडिओला यातून सूट मिळण्याची सोय आहे. त्यासाठी ॲपला ‘मी आत्ता काहीतरी वाजवतोय’ असं सिस्टिमला कळवावं लागतं. वरून खाली ओढल्यावर जी प्ले-पॉजची पट्टी दिसते, ती याचीच खूण. पण या सूटीचे नियम दर मोठ्या आवृत्तीत थोडे बदलतात. उदाहरणार्थ, 2023 च्या चौदाव्या आवृत्तीसाठी बांधलेल्या ॲपला आपलं मागे चालणारं काम कोणत्या प्रकारचं आहे हे आधीच जाहीर करावं लागतं. शिवाय अनेक कंपन्या अँड्रॉइडवर स्वतःची आणखी कडक बॅटरी-बचत बसवतात. मोठ्या अपडेटनंतर तुम्ही पूर्वी दिलेली सूट कधीकधी पुसली जाते आणि फोन ते कुठेही सांगत नाही.

तुमच्या फोनमध्ये नेमकं काय होतंय हे एका चाचणीत कळतं. एक एपिसोड पूर्ण डाउनलोड करा, फोन एअरप्लेन मोडवर टाका, एपिसोड सुरू करा, स्क्रीन बंद करा आणि चार्जर न लावता फोन टेबलावर ठेवून द्या. शेवटपर्यंत वाजला, तर ॲप जिवंत राहतंय, फक्त स्क्रीन बंद झाल्यावर त्याचं इंटरनेट तोडलं जातंय. स्ट्रीमिंग करताना, म्हणजे न उतरवता थेट इंटरनेटवरून ऐकताना, ॲप पुढचा थोडासा भाग आधी आणून ठेवतं. तेवढा साठा संपेपर्यंत आवाज येतो आणि मग गप्प. तुम्ही लिहिलेली ‘काही मिनिटं’ बहुतेक हीच. उलट डाउनलोड केलेला एपिसोडही मधेच थांबला, तर फोन ॲपलाच बंद करतोय. आणि तो दर वेळी अगदी त्याच मिनिट-सेकंदाला थांबत असेल, तर दोष त्या एका फाइलचा आहे, ती अर्धवट उतरली आहे. तेवढा एपिसोड काढून पुन्हा उतरवा, बाकी कशाला हात लावायची गरज नाही.

इंटरनेट तुटत असो की ॲप मरत असो, दोन्हीवर सुरुवात एकाच ठिकाणाहून करायची. सेटिंग्जमध्ये ॲप्स, त्यात तुमचं पॉडकास्ट ॲप, त्यात बॅटरी, आणि तिथे ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडा. नव्या फोनमध्ये आधी ‘बॅकग्राउंड युसेज’ असं बटण दिसतं. ते चालू करून त्या नावावरच टॅप केलं की आत हा पर्याय मिळतो. काही कंपन्यांच्या फोनमध्ये याशिवाय ‘ऑटोस्टार्ट’ची परवानगी वेगळी असते, आणि अलीकडच्या ॲपच्या यादीत त्या ॲपवर कुलूप लावायची सोय असते. दोन्ही करा. मग त्याच ॲपच्या मोबाइल डेटाच्या पानावर जाऊन मागे डेटा वापरायची परवानगी पाहा. ‘डेटा सेव्हर’ चालू असेल तर या ॲपला त्यातून सूट द्या. ‘डोन्ट किल माय ॲप’ नावाची वेबसाइट आहे, तिथे प्रत्येक कंपनीच्या फोनमध्ये ही बटणं कुठे दडली आहेत ते पायरीपायरीने लिहिलंय. ती मी मनापासून सुचवेन.

माझ्या वडिलांची नजर अधू झाल्यापासून त्यांचं वाचन जवळजवळ थांबलंय. दुपारभर ते ऐकत असतात. आवाज अचानक बंद झाला की फोन बिघडला की आपलं बोट चुकून कुठे लागलं, हे त्यांना कळत नाही, आणि मग ते फोन बाजूला ठेवून नुसते बसून राहतात. म्हणून त्यांच्या फोनवर अपडेट आलं की बॅटरीचं ते पान मी आधी उघडतो. तुमच्या घरात कोणी असं ऐकणारं असेल तर त्यांच्या फोनचंही पाहा. अशी माणसं तक्रार करत नाहीत, ऐकणं सोडून देतात.

तुम्ही साताऱ्याहून रोज एसटीने जाता असं लिहिलंय. मग माझं स्पष्ट मत असं, की स्ट्रीमिंगचा नाद सोडा. रात्री घरच्या वाय-फायवर, फोन चार्जिंगला असताना एपिसोड उतरवून ठेवायचे. चार्जिंगला असताना डोझ लागत नाही, त्यामुळे डाउनलोड अडकत नाहीत. ॲपच्या ऑटो-डाउनलोडच्या सेटिंगमध्ये ‘फक्त वाय-फाय’ आणि मिळत असेल तर ‘फक्त चार्जिंगवर’ निवडा. 64 केबीपीएसचा (म्हणजे सेकंदाला 64 किलोबिट) एपिसोड तासाला सुमारे 29 एमबी घेतो आणि 128 चा 58 च्या आसपास, म्हणजे दहा-बारा तासांचं ऐकणं 1 जीबीतही आरामात मावतं. घाटात रेंज गेली तरी मग फरक पडत नाही. स्ट्रीमिंगची आणखी एक अडचण फार कमी लोकांना ठाऊक असते. बरेच कार्यक्रम आता जाहिराती ऐन वेळी फाइलमध्ये घालतात, त्यामुळे एकाच एपिसोडची लांबी दर वेळी थोडी वेगळी येऊ शकते. मधे तुटून पुन्हा जोडलं की वाक्य दोनदा ऐकू येतं किंवा काही सेकंद गळतात. लोक याचा दोष अपडेटला देतात. पूर्ण उतरवलेल्या फाइलमध्ये हे होत नाही.

आकाशवाणीचं थेट प्रसारण न्यूज ऑन एअर ॲपवर ऐकत असाल तर तिथे मात्र उतरवून ठेवायचा मार्ग नाही. त्या ॲपला बॅटरीची सूट द्यावीच लागेल.

मेमरी कार्डवरचे एपिसोड. 2020 च्या अकराव्या आवृत्तीपासून अँड्रॉइडने ॲपना कार्डवर वाटेल तिथे लिहिण्या-वाचण्याची मुभा आवळली. प्रत्येक ॲपचा स्वतःचा एक फोल्डर ठरलेला असतो आणि बाहेरच्या जुन्या फोल्डरमधल्या फाइल त्याला दिसतीलच असं नाही. त्यामुळे ‘गायब’ म्हणजे पुसले गेले असं समजू नका. फोन केबलने कॉम्प्युटरला जोडा, कार्ड उघडा आणि एमपी3 फाइल शोधा. सापडल्या तर आधी कॉम्प्युटरवर कॉपी करा. नंतर ॲपच्या सेटिंग्जमध्ये डाउनलोडची जागा बघा. अपडेटनंतर ती कार्डवरून फोनच्या मेमरीत सरकलेली असू शकते. ती पुन्हा कार्डवर आणून ॲप बंद करून उघडा. तरीही दिसले नाहीत तर त्या फाइल फोनच्या ‘पॉडकास्ट्स’ नावाच्या फोल्डरमध्ये टाका आणि व्हीएलसी या प्लेअर ॲपने ऐका. हा फोल्डर अँड्रॉइडने याच कामासाठी ठेवलेला आहे. फीडवरून कार्यक्रमकर्त्यांनी काढून टाकलेले जुने एपिसोड पुन्हा उतरवता येणार नाहीत, म्हणून कॉपी आधी, प्रयोग नंतर.

या सगळ्यात ‘क्लिअर कॅशे’ आणि ‘क्लिअर स्टोरेज’ ही बटणं शेजारीशेजारी दिसतील. कॅशे म्हणजे ॲपने तात्पुरता ठेवलेला साठा, तो साफ केला तर काही बिघडत नाही. स्टोरेज साफ केलं तर ॲप नव्याने टाकल्यासारखं कोरं होतं. बोट कुठे पडतंय ते बघा.

इअरबड्सच्या बटणाचं उत्तर सोपं आहे. बटण दाबल्याचा इशारा फोन सहसा त्या ॲपला देतो ज्याने शेवटचा आवाज काढला. अपडेटनंतर फोन पुन्हा सुरू झाला, त्यानंतर तुम्ही गाणी आधी लावलीत, एवढंच. पॉडकास्ट एकदा स्क्रीनवरून सुरू करा, गाण्याच्या ॲपची पट्टी सरकवून काढा आणि मग बटण वापरा. तरी जमलं नाही तर ब्लूटूथच्या यादीतून इअरबड्स ‘फरगेट’ करून पुन्हा जोडा. सिस्टिम बदलल्यावर जुनी जोडणी कधीकधी नीट चालत नाही. दर मेसेजला पॉडकास्ट थांबतो असंही तुम्ही शेवटी लिहिलंय. तो बिघाड नाही. गाण्याचा आवाज क्षणभर हळू करून चालतो, पण बोलणं हळू केलं तर शब्द निसटतात, म्हणून ‘हा बोलण्याचा आवाज आहे’ असं ॲपने कळवलं असेल तर अँड्रॉइड तो आपोआप हळू करत नाही, ॲपला इशारा देतो आणि ॲप तो थांबवतं. नको असेल तर ॲपमध्ये व्यत्ययाच्या वेळी काय करायचं याचं सेटिंग शोधा, किंवा प्रवासात ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावा.

घरात कोणाचा आयफोन असेल तर तिथे खोळंबा बहुतेक डाउनलोडचा असतो. ‘लो पॉवर मोड’ आणि ‘लो डेटा मोड’ दोन्ही बंद आहेत का ते पाहा, कारण दोन्हींमुळे आपोआप होणारे डाउनलोड थांबतात. ॲपलच्या पॉडकास्ट ॲपमध्ये ऐकून झालेले एपिसोड आपोआप काढून टाकायचं सेटिंग असतं. ‘काल होता, आज नाही’ याचं उत्तर अनेकदा तिथे मिळतं. 2024 च्या आयओएस 18 पासून ॲपची सेटिंग्ज ‘ॲप्स’ या वेगळ्या पानात गेली आहेत, जुन्या जागी शोधत बसू नका.

अपडेटच मागे घेता येईल का, हेही विचारलंय. अँड्रॉइडवर जुनी आवृत्ती परत टाकायची म्हणजे सहसा फोन पूर्ण पुसायचा, आणि बऱ्याच फोनवर कंपनी ते करूच देत नाही. त्याच अपडेटमधून सुरक्षेच्या दुरुस्त्याही आलेल्या असतात आणि तुमची बँक, यूपीआय सगळं याच फोनवर आहे. पॉडकास्टसाठी ते पणाला लावू नका. कुठल्याशा वेबसाइटवरून ॲपची जुनी एपीके (ॲप बसवायची फाइल) आणून टाकणं तर अजिबात नको. त्यापेक्षा प्ले स्टोअरमध्ये ॲपचं नवं अपडेट आलंय का बघा. सिस्टिम बदलली की ॲप बनवणाऱ्यांना आपल्या बाजूने दुरुस्ती करावी लागते आणि ती काही दिवस मागून येते. तोवर दुसरं ॲप टाकून त्यात ती ओपीएमएल फाइल इम्पोर्ट करा. सगळे कार्यक्रम क्षणात तिथे दिसतील आणि पहिलं ॲपही जागेवर राहील. स्पॉटिफायमध्ये मात्र स्वतःची फीड टाकता येत नाही, त्यामुळे ही युक्ती तिथे चालणार नाही.

एवढं करूनही एअरप्लेन मोडमध्ये एपिसोड थांबत असेल, तर ॲप बनवणाऱ्यांना कळवा. नुसतं ‘चालत नाही’ लिहू नका. फोनचं मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती, ॲपची आवृत्ती, बॅटरीचं सेटिंग आणि स्क्रीन बंद केल्यावर साधारण किती वेळाने थांबतो, एवढं लिहा. हीच माहिती इथे खाली टाकलीत तर तुमच्या मॉडेलमध्ये ते बटण कुठे असतं ते मी शोधून सांगतो.