नेटवर्किंग शिकताना वेळ कुठे द्यावा
लॅन आणि वॅनच्या व्याख्या पाठ करत बसू नका. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या चादरीच्या कारखान्यात एका स्विचला जोडलेले संगणक म्हणजे लॅन आणि तेच जाळे पुण्याच्या शाखेपर्यंत पोहोचले की वॅन, एवढे पुरे. खरा वेळ प्रोटोकॉलना, म्हणजे संगणकांमधल्या देवाणघेवाणीच्या नियमांना द्या. टीसीपी पाठवलेल्या माहितीची पोच घेतो व हरवलेले पुन्हा पाठवतो. यूडीपी पोचेसाठी थांबत नाही, म्हणून व्हिडिओ कॉल बहुधा त्यावर चालतात. ‘नेट बंद आहे’ अशी तक्रार आल्यास आधी राउटरला, मग ८.८.८.८ला (इंटरनेटवरचा गुगलचा सर्व्हर) पिंग करा, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर येते का ते पाहा. दोन्हीकडून उत्तर येऊनही संकेतस्थळ उघडत नसेल, तर डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता शोधणारी सेवा) तपासा, कारण नवशिके नेमके तेच विसरून केबल बदलत बसतात. संगणकाचा आयपी पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल, तर बहुतेक वेळा डीएचसीपीकडून (संगणकांना आपोआप पत्ते देणारी सेवा) पत्ता मिळालेलाच नसतो.